कान सोनारानेच टोचावे

फोंडा तालुक्यातील आमच्या एका वाचकभगिनीने गेल्या आठवड्यात एक छापील पत्रक आमच्याकडे धाडले आहे. पत्रक इंदूरचे आहे. चेहऱ्यावरील सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, ओघळलेली हनुवटी या सर्वांवर ‘कॉस्मेटिक फेशियल ॲक्युपंक्चर’ हा खात्रीचा उपाय आहे. ही विद्या अवघ्या चार दिवसांत शिकविली जाईल. पूर्वशिक्षणाची अट नाही. शेवटच्या दिवशी चौकटीत बसविण्याजोगे प्रमाणपत्र मिळेल, असा त्यातील मजकुराचा गोषवारा. या भगिनी स्वतः एक लहानसे ब्यूटी पार्लर चालवितात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून सुया टोचून चेहरा उजळविण्याची जाहिरात सुरू झाल्यापासून त्यांच्याकडील गिऱ्हाइकेही तशी विचारणा करू लागली आहेत. नणंद इंदुरात दिलेली, तेव्हा मुक्कामाची अडचण नाही. शुल्क मात्र पतसंस्थेचे कर्ज काढूनच भरावे लागणार. ‘जावे की न जावे, हे आपण सांगावे,’ असे त्या लिहितात. एका घरचा हा प्रश्न असता तर त्याचे उत्तर पत्राने देऊन आम्ही मोकळे झालो असतो. परंतु असे पत्रक हाती घेऊन विचारात पडलेल्या स्त्रिया फोंड्यापुरत्याच आहेत असे नव्हे, म्हणून ही जागा त्यासाठी खर्च करीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चेहऱ्याची हौस हा काही थट्टेचा विषय नाही. ज्या समाजात नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावल्यावाचून स्नान होत नाही, जिथे नवरीला हळद लागल्यावाचून लग्नाला रंग चढत नाही आणि नाकातल्या नथीवरून घराण्याची पत मोजली जाते, त्या समाजाने सुरकुत्या घालवू पाहणाऱ्या स्त्रीला नावे ठेवू नयेत. मुरुमांचे व्रण घेऊन वधूपरीक्षेला बसावे लागलेल्या मुलीला चेहरा म्हणजे काय हे आमच्यासारख्या अग्रलेख लिहिणारांपेक्षा अधिक कळते. तेव्हा सौंदर्योपचार हवेत की नकोत, हा वादच नाही. सुई कोणाच्या हातात द्यावी, एवढाच प्रश्न आहे.

आणि सुई टोचण्याबाबत आपल्या पूर्वजांनी एक वाक्य आपल्या जिभेवर ठेवले आहे: कान सोनारानेच टोचावे. आज आपण हे वाक्य एखाद्याची कानउघाडणी करण्याच्या अर्थाने वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ तितकाच शब्दशः घेण्याजोगा आहे. गावातला शेट बाळाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून उजेडाकडे करतो, क्षणभर पाहतो आणि मगच सोन्याची तार आरपार नेतो. बाळ रडू लागेतो काम आटोपलेले असते. हा ‘क्षणभर पाहणे’ जो आहे तो त्याने बापाच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे शिकलेला असतो. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नेमके हेच सांगितले आहे. सूर्यप्रकाशात कानाची पाळी पारखून, निसर्गतःच जेथे ती पातळ आहे तेथे वेध करावा. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या तीन शिरांना धक्का लागला तर ज्वर, वेदना, सूज असे उपद्रव होतात, असा इशारा त्याने दिला आहे. एका कानाच्या पाळीसाठी एवढी सावधगिरी! चेहऱ्यावर तर तीस-चाळीस सुया एका बैठकीत टोचल्या जातात.

ही पद्धती आहे तरी काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. ॲक्युपंक्चर ही चीनमधील प्राचीन सूचिवेध चिकित्सा. शरीरात बारा मुख्य वाहिन्या आहेत, त्यांतून जीवनशक्ती वाहते आणि त्या प्रवाहात अडथळा आला की विकार जडतो, असे तिचे शास्त्र मानते. यांपैकी ज्यांना यांग वाहिन्या म्हणतात त्या सहाही वाहिन्यांचा आरंभ किंवा शेवट डोक्यावर वा चेहऱ्यावर होतो, म्हणून चेहरा हे या शास्त्राला महत्त्वाचे क्षेत्र. मात्र जाणते चिकित्सक केवळ चेहऱ्याला सुया टोचून थांबत नाहीत. हाताच्या अंगठा व तर्जनी यांमधील ‘हेगू’, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर बाहेरच्या अंगाला असलेले ‘झूसानली’ अशा दूरच्या बिंदूंवर ते आधी सुया लावतात. रुग्णाची झोप, पचन, मासिक पाळी यांची चौकशी करतात. नंतर चेहऱ्याकडे वळतात. चेहऱ्यासाठीच्या सुया फार बारीक, साधारणतः ०.१२ ते ०.२० मिलिमीटर जाडीच्या असतात. इंजेक्शनची नेहमीची सुई याच्या तिपटी-चौपटीने जाड असते. कपाळावरील आठ्या, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी, डोळ्यांच्या कडेच्या रेषा अशा ठिकाणी त्या त्वचेत तिरप्या, जवळजवळ आडव्या सरकवितात, वीस-तीस मिनिटे तशाच ठेवतात आणि काढताना कापसाने दाब देतात. आठवड्यातून एक-दोनदा, अशा दहा-बारा बैठका, हा सर्वसाधारण प्रघात आहे.

याने सुरकुत्या जातात काय? सुया काढल्यावर चेहऱ्यावर लाली येते, त्वचा तरतरीत दिसते, यात संशय नाही. टोचलेल्या जागी रक्त धावून येणे हा शरीराचा धर्मच आहे. परंतु ही तरतरी किती काळ टिकते आणि त्वचेच्या आतल्या घडणीत खरोखर काही बदल होतो काय, याचा पुरावा तुटपुंजा आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या २८ स्त्रिया, तीन आठवडे, पाच बैठका. त्वचेच्या लवचीकपणात सुधारणा दिसली, असा त्याचा निष्कर्ष आहे. तथापि ज्यांना सुया टोचल्याच नाहीत अशा स्त्रियांचा तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता, आणि संशोधकांनीही त्याला प्राथमिक प्रयोगच म्हटले आहे. एवढ्या पायावर ‘दहा वर्षांनी तरुण व्हा’ असा मजला चढविणे हे शास्त्र नव्हे, दुकानदारी आहे. पत्रकातला ‘खात्रीचा उपाय’ हा शब्दप्रयोग आम्ही तेवढ्यासाठीच लाल शाईने अधोरेखित करून ठेवला आहे.

बरे, उपयोग फारसा नसला तरी अपाय तरी काय होणार, असे कोणी म्हणेल. बारीक सुई, वरवरचे टोचणे! येथेच घोटाळा आहे. मानवी चेहरा म्हणजे वरून सपाट दिसणारी पण आतून अतिशय दाटीवाटीची वस्ती आहे. जबड्याच्या कडेवरून, दात चावताना जो स्नायू ताठ होतो त्याच्या अगदी पुढून, चेहऱ्याची मुख्य रोहिणी वर चढते. बोट ठेवले तर तिचा ठोका लागतो. कानाच्या पुढून, लाळग्रंथीच्या पोटातून, चेहरा हलविणारी नस पाच फाट्यांनी पसरते. डोळ्यांभोवतीची कातडी शरीरातील सर्वांत पातळ आणि तिच्या खालची ऊती सैल. तेथे एक केशवाहिनी फुटली तरी आठवडाभर डोळा काळानिळा राहतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळचा ‘जिंगमिंग’ आणि बुबुळाच्या सरळ खाली असलेला ‘चेंगची’ हे बिंदू तर जुने जाणकारही श्वास रोखून टोचतात. नाक आणि वरचा ओठ यांमधील त्रिकोणातला जंतुसंसर्ग शिरांच्या वाटेने मेंदूच्या तळापर्यंत पोचू शकतो, म्हणून त्या जागेची पुळीसुद्धा पिळू नये असे डॉक्टर सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी स्त्री, गर्भवती स्त्री, व्रणाची गाठ होण्याची प्रवृत्ती असलेली स्त्री, ओठावर नागीण उठलेली स्त्री, नुकतेच बोटॉक्सचे इंजेक्शन घेऊन आलेली स्त्री, यांतल्या कोणाला सुई लावावयाची नाही, कोणाला थांबवावयाचे आणि कोणाला कोणते बिंदू वर्ज्य करावयाचे, हे विचारायला शिकविल्यावाचून हाती सुई देणे म्हणजे वाहन थांबविण्याचा ब्रेक कुठे असतो हे न सांगता चावी देणे होय.

आणि हे विचारणे चार दिवसांत अंगी मुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये ॲक्युपंक्चरच्या मूलभूत प्रशिक्षणासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आधीच डॉक्टर असलेल्या व्यक्तीला आपल्या नेहमीच्या कामात ही पद्धत मर्यादित प्रमाणात वापरावयाची तर निदान २०० तास. आणि जो डॉक्टर नाही पण ॲक्युपंक्चरचा व्यवसाय करू इच्छितो त्याला दोन वर्षे, २,५०० तास. पत्रकातले चार दिवस, रोजचे आठ तास धरले तरी बत्तीस तास होतात. चहापान, प्रास्ताविक आणि प्रमाणपत्र-वितरणाचे छायाचित्र हे त्यातूनच वजा करावयाचे.

जुन्या चीनमध्ये ही परीक्षा कशी होई ते पाहिले म्हणजे आजची घाई अधिकच केविलवाणी वाटते. सुंग राजवटीत, सन १०२७ मध्ये, वांग वेइयी नावाच्या वैद्याच्या देखरेखीखाली माणसाच्या आकाराचे दोन ब्राँझचे पुतळे ओतण्यात आले. त्यांच्या अंगावर प्रत्येक बिंदूच्या जागी छिद्र होते. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन छिद्रे बुजवीत आणि आत द्रव भरीत. विद्यार्थ्याची सुई नेमक्या जागी गेली तर थेंब बाहेर येई. चुकली तर सुई धातूवर आपटे. त्या सुईपुढे वशिला चालत नसे. आपल्याकडे सुश्रुताने याहून पूर्वी विद्यार्थ्यांना जिवंत माणसाला हात लावू देण्याआधी सराव करण्यास सांगितले होते: छेदन भोपळ्यावर, कलिंगडावर, वेधन मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. पुष्कळ ऐकलेला पण हाताने सराव न केलेला शिष्य कामाला अयोग्य, असा त्याचा अभिप्राय आहे. ॲक्युपंक्चर मूळचे आपलेच होते की चीनचे, यावर अधूनमधून आपल्याकडे जे हिरिरीने वाद घालतात त्यांनी सुश्रुताचा हा सरावाचा अध्याय आधी वाचावा. आजही जाणते गुरू शिष्याला प्रथम कागदाच्या घडीवर आणि कापसाच्या बोळ्यावर, मग स्वतःच्याच पायावर सुई टोचावयास लावतात. दुसऱ्याचा चेहरा फार पुढे येतो.

भारतात ही विद्या आली ती चार दिवसांच्या वर्गातून आलेली नाही, आणि तिच्या आगमनाशी मराठी माणसाचे नाते आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शल्यवैद्य होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला, आणि व्ही. शांतारामांच्या १९४६ मधील चित्रपटाने ती कथा घरोघर पोचविली. परंतु त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. युद्ध संपून एक तप उलटल्यावर हे बसू पुन्हा चीनला गेले, तिथल्या वैद्यांजवळ ॲक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन त्यांनी बंगालमध्ये ते रुजविले. आधीच अनुभवी डॉक्टर असलेला, रणांगणावर काम केलेला हा मनुष्य पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी झाला. पुढे पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने या पद्धतीला कायद्याची चौकट दिली. केंद्र सरकारने २००३ मध्ये तिला उपचाराचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली होती. २१ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशाने तिला स्वतंत्र चिकित्सापद्धतीचा दर्जा मिळाला.

नेमका याच आदेशाचा गैरफायदा घेतला जातो. ‘भारत सरकारमान्य’ हे शब्द पत्रकाच्या माथ्यावर ठळक छापले आहेत. मान्यता पद्धतीला आहे. त्या पद्धतीच्या नावाने कोणीही, कोठेही, कितीही दिवसांत वाटलेल्या प्रमाणपत्राला नाही. संगीताला राजमान्यता आहे म्हणून पेटी वाजविणारा प्रत्येक जण पंडित होत नाही. महाराष्ट्राच्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेला चिकित्सक महाराष्ट्राच्या कायद्याने बांधलेला आहे. त्या कायद्याचे हात इंदूरपर्यंत पोचत नाहीत आणि फोंड्यापर्यंतही नाहीत.

इंदूरविषयी आम्हाला मुद्दाम दोन शब्द लिहावयाचे आहेत, कारण वरील मजकुरावरून त्या शहराची आम्ही निंदा करीत आहोत असा कोणाचा समज होऊ नये. होळकरांचे हे शहर मराठी माणसाला परके नाही. राजवाड्याच्या आसपास आजही जुन्या मराठी घरांतून मराठी बोलली जाते, आणि गोव्यातल्या कित्येक मुली तेथे सुना होऊन गेल्या आहेत. तेथील वैद्यकशिक्षणाची परंपरा १८७८ च्या वैद्यकशाळेपासून सुरू होते. त्याच शाळेचे १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय झाले. आपल्या पणजीची वैद्यकशाळा त्याहून जुनी, १८४२ ची. म्हणजे खरे वैद्यकशिक्षण आणि दुकान यांतला भेद दोन्ही ठिकाणच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण अलीकडे इंदूर हे शिकवणी वर्गांचेही शहर झाले आहे. लोकसेवेच्या, अभियांत्रिकीच्या परीक्षांसाठी सगळ्या माळव्यातली मुले तेथे खोल्या घेऊन राहतात. जेथे शिकणारांची एवढी गर्दी असते तेथे काहीही शिकविणारांचे फावते, हा बाजाराचा नियम आहे. इंदूरचा तो दोष नव्हे. पणजीत किंवा मडगावात असे वर्ग निघाले तर त्यांनाही आम्ही हेच विचारू.

याच इंदूरने २०१७ पासून सलग सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविला, आणि तो मिळविला घरोघरचा कचरा वेगळा करायला लावून. ओला वेगळा, सुका वेगळा, लहान मुलांचे डायपरसुद्धा वेगळे. त्या शहरात चालणाऱ्या या वर्गाच्या पत्रकात वापरलेल्या सुईचे काय करावयाचे याविषयी एक अक्षर नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनी सुयांसारख्या टोकदार वस्तूंसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, भोक न पडणारा आणि न गळणारा डबा ठरवून दिला आहे. सुई निर्जंतुक असली पाहिजे आणि ती एकदाच वापरली पाहिजे, हा तर पहिला पाठ. कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांचे विषाणू असल्याच वाटेने एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातात. हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क येथे एका सौंदर्यगृहात स्वतःचेच रक्त काढून ते सुयांनी चेहऱ्यात भरण्याचा उपचार चाले. २०१८ मध्ये ते बंद करण्यात आले. तेथील उपचारांतून तीन स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झाली असावी, असा निष्कर्ष तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. ते गृह चालविणारी बाई परवान्यावाचून वैद्यक करीत होती. तो उपचार ॲक्युपंक्चर नव्हता, हे खरे. पण चेहरा, सुई आणि अपुरे शिक्षण हे तिन्ही तेथे होते.

या प्रकरणी डॉक्टरमंडळींनीही फार वर मान करून बोलू नये. सौंदर्योपचारात पैसा आहे हे कळल्यापासून त्यांच्यातही शनिवार-रविवारच्या कार्यशाळांचे पीक आले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये केसरोपणासंबंधी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत बजावावे लागले. पदवीधर डॉक्टरांना जे सांगावे लागते ते पार्लर चालविणाऱ्या भगिनीला कोण सांगणार? तिला तर उलट ‘तुम्हीही डॉक्टरांसारख्याच व्हाल’ असे सांगणारे भेटतात. फसवणूक होते ती तिचीच आधी. कर्ज तिच्या नावावर, प्रमाणपत्र तिच्या भिंतीवर, आणि एखाद्या गिऱ्हाइकाचा डोळा सुजला तर पोलिसांपुढे उभी राहावयाचीही तीच. शिकविणारा चार दिवसांनी पुढच्या शहरी पुढची पत्रके वाटीत असतो.

गोवा सरकारच्या आरोग्य संचालनालयाकडे आमचे एक साधे मागणे आहे. पैसे घेऊन दुसऱ्याच्या चेहऱ्याला सुई कोणी टोचावी, त्यासाठी कोणते शिक्षण लागते, आणि पार्लरला काय करण्याची मुभा आहे, काय नाही, हे एका पानात, मराठीत व कोंकणीत छापून प्रत्येक पंचायतीत आणि नगरपालिकेत लावावे. याला कोट्यवधींचे अंदाजपत्रक लागत नाही. पार्लर चालविणाऱ्या स्त्रियांना परवाना देतानाच तो कागद हाती ठेवला तर पतसंस्थेची पायरी चढण्याआधी त्या चार वेळा विचार करतील. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून जे चालते त्याची तपासणीही त्याच कागदाच्या आधारे व्हावी. लहान पार्लरवर छापा आणि मोठ्या स्पाला सलाम, असे होऊ नये.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचे उत्तर. शिकण्याची आपली इच्छा स्तुत्य आहे, आणि वयाच्या चाळिशीत नवे काही शिकावेसे वाटणे ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. परंतु कर्ज काढण्यापूर्वी त्या इंदूरच्या संस्थेला पत्र घालावे आणि चार गोष्टी लेखी विचाराव्यात. हे प्रमाणपत्र घेतल्यावर माझे नाव कोणत्या सरकारी नोंदवहीत लागेल? शिकविणाराचे स्वतःचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे? गुरू शेजारी उभा असताना मी किती चेहऱ्यांना सुया टोचणार? आणि माझ्या हातून गिऱ्हाइकाला इजा झाली तर संस्था काय करणार? पत्रक आम्ही परत पाठवीत आहोत; हेच चार प्रश्न त्याच्या पाठीवर लिहून दिले आहेत. दरम्यान आपल्या पार्लरमधील मालीश, उटणे आणि वाफेचे जे काम आपण इतकी वर्षे सचोटीने करीत आहात ते गिऱ्हाइकांना कमी वाटत असेल, तर सुया लावणाऱ्या नोंदणीकृत चिकित्सकाचा पत्ता त्यांना खुशाल द्यावा. संस्थेकडून उत्तर आलेच, तर ते आम्हाला कळवावे. आहे तसे, काना-मात्रेचा फेरफार न करता, आम्ही याच पानावर छापू.